वीतभर शिपायाचा कोट

मीरा रोडला कुणी फिरायला जात नाही. मीही फिरायला गेले नव्हते. मी गेले होते एका बारा इंची शिपायाला ओव्हरकोट शिवायला. चार दिवस राहिले आणि त्यातले निम्म्याहून जास्त धुसफुसत काढले. परत आल्यावर गल्लीतल्या बायकांनी "काय पाहिलंस तिकडे?" म्हणून विचारलं, तेव्हा एका वाक्यात सांगता येईना. म्हणून हे लिहायला घेतलं.

देवळाली कॅम्पात आमचं शिलाईचं दुकान आहे. चाळीस वर्षं मी आणि मिस्टरांनी लष्करी गणवेश शिवले. आता मिस्टर नाहीत, मी थोडंथोडं शिवते. माझे वडील, अण्णा, तरुणपणी पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले आणि येताना खाकी लोकरीचा एक ओव्हरकोट घेऊन आले. मी अकरा वर्षांची असताना अण्णा गेले. कोट ट्रंकेत राहिला. दर हिवाळ्यात मी त्याला ऊन दाखवते. यंदा भाचीनं त्याचा फोटो काढून मोबाइलवरच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि तिसऱ्या दिवसापासून सुर्व्यांचे फोन सुरू झाले.

हे सुर्वे मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला मीरा रोडला, नोकरी विमा कचेरीत. छंद म्हणजे युद्धातले शिपाई जमवायचे. बाहुल्या म्हणायचं नाही, फिगर म्हणायचं, हा फोनवरचा पहिलाच धडा. बारा इंच उंचीचे हे शिपाई, त्यांचे खरे शिवलेले कपडे, चामड्याचे पट्टे, पाण्याच्या बाटल्या, बंदुका, सगळं त्या त्या लढाईतल्यासारखं हुबेहूब. रविवारी भाईंदरला अशा हौशी लोकांचं प्रदर्शन होतं.

"ताई, तुमच्या वडिलांची फिगर करतो," सुर्वे म्हणाले. "अगदी चेहऱ्यासकट. फोटो पाठवा. कोट मात्र तुम्हीच शिवायचा, खरा कोट समोर ठेवून."

अण्णांचा एकुलता एक फोटो माझ्याकडे आहे. पलटणीत भरती झाल्यावर काढलेला. तो मी पाठवला. अण्णा पुन्हा कुठेतरी उभे राहतील, चार लोक बघतील, खाली नाव असेल, या एवढ्या लोभापायी मी कोट पिशवीत घातला आणि निघाले.

गुरुवार : काशीमीरा

आमच्याकडची बस काशीमीऱ्याच्या नाक्यावर सोडते. उतरले तर चारही बाजूंनी ट्रक. एक गेला की धूळ बसायच्या आत दुसरा. गॅरेजवाल्यांच्या हातोड्यांचा आवाज, हॉटेलांतून तळणाचा वास, आणि त्यात मी पिशवी पोटाशी धरून उभी. सुर्व्यांनी पत्ता सांगितला होता, "शांती नगर, सेक्टर नऊ, शांतीच बिल्डिंगचं नाव, खाली मेडिकल आहे."

रिक्षावाल्याला तसंच सांगितलं. तो मागे वळून म्हणाला, "आंटी, यहाँ सब शांती है. कौन सी शांती?"

एक तास आम्ही फिरलो. प्रत्येक इमारतीखाली मेडिकल. रंग सगळ्यांचा तोच, खिडक्यांच्या जाळ्या त्याच, गॅलरीत वाळणारे टॉवेलसुद्धा तेच वाटायला लागले. आमच्या कॅम्पात बंगल्याबंगल्याला ओळख असते, कुणाकडे आंबा, कुणाकडे मोडकं फाटक. इथे माणसं आपलं घर कसं ओळखत असतील, देव जाणे. शेवटी एका गेटावर पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, हाफ पँटमधला एक माणूस हात हलवताना दिसला. मी रिक्षातून उतरले. सुर्व्यांनी आधी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पहिलं वाक्य उच्चारलं.

"कोट दुमडला नाही ना?"

सहा तास बसून मी स्वतः दुमडले होते. पण त्याची चौकशी त्यांच्या बायकोनं, नीलमनं केली. दार उघडताच तिनं पाण्याचा तांब्या हातात दिला आणि म्हणाली, "काकू, आधी पाय मोकळे करा. यांच्याकडे लक्ष देऊ नका."

लक्ष न देणं अवघड होतं. हॉलच्या तीन भिंतींना काचेची कपाटं आणि त्यांत शिपाईच शिपाई. जेवणाच्या टेबलावर बर्फ पडला होता. खायच्या सोड्याचा बर्फ, त्यात मोडकी भिंत आणि भिंतीआड दबा धरलेले पाच जण.

"पाच वर्षं ही लढाई चाललीय," नीलम म्हणाली. "आपण खाली बसू."

खाली बसून आम्ही कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि ओलं खोबरं घातलेली गवार खाल्ली. आमच्याकडे खोबरं भाजून काळं करतात आणि मसाल्यात वाटतात. इथे ते पांढरंच ताटात येतं. दोन घास परकं वाटलं, मग मी तिसरी भाकरी मागून घेतली. त्या घरात मला पहिल्या दिवशी आवडलेली गोष्ट ती एवढीच. कारण जेवण झाल्यावर गरम होतं म्हणून मी पंख्याचं बटण दाबलं, तर सुर्वे धावत आले.

"ताई, पंखा नको. धुळीनं लेन्स खराब होतात."

"कसल्या लेन्स?"

त्यांनी कपाटातल्या एका अधिकाऱ्याच्या हातातली दुर्बीण दाखवली. मुगाच्या दाण्याएवढी.

शुक्रवार : कापड आणि डोकं

कामाला बसले. अण्णांचा कोट पलंगावर पसरून मी मापं घेतली आणि सहाव्या हिश्शात कागदावर कापली. हे मला जमतं. कॉलर, खांद्यावरच्या पट्ट्या, पाठीमागे कमरेपासून खालपर्यंत जाणारी फाट, तिच्या आत दडणारी पट्टी, सगळं कागदावर उतरलं. मग मी घरून आणलेलं पातळ खाकी कापड काढलं. सुर्व्यांनी भिंग लावलं.

"विणीत तिरकस रेघ हवी. हिच्यात नाही."

दुसरा तुकडा. "रंग हिरवट आहे. हा नंतरच्या काळातला."

तिसरा. "ताई, यात टेरिलिन आहे. तेव्हा टेरिलिन कुठलं?"

"तेव्हा बारा इंचाचा माणूस तरी कुठला?" मी म्हणाले. नीलम आत हसली. सुर्वे हसले नाहीत.

मग ते हळूच म्हणाले, "खऱ्या कोटातलंच जरासं कापड मिळालं असतं तर..."

मी कात्री खाली ठेवली. "सुर्वे, त्या कोटाला कात्री लागणार नाही. आणि लावली तरी उपयोग नाही. ती लोकर आहे बोटभर जाड. एवढ्याशा अंगावर तिची कॉलर वळणारसुद्धा नाही. गोधडीत गुंडाळलेलं बाळ दिसेल."

"तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले. इतक्या चटकन ऐकणारा माणूस नव्हता तो. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुपारी त्यांचा फोन वाजला. अण्णांचं डोकं अडकलं होतं. फोटोवरून ते परदेशात घडवून घेतलं होतं आणि बुटांच्या जोडासह काशीमीऱ्याच्या एका गोदामात येऊन पडलं होतं. ते सोडवायला मीही गेले, कारण फोटो माझ्या वडिलांचा होता. गोदामातल्या कारकुनानं कागद वाचला, आमच्याकडे पाहिलं, परत वाचला.

"इसमें लिखा है, सिर, मर्द का, एक नग. यह क्या है साहब?"

"फिगर का हेड है."

"किसका?"

सुर्व्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "इनके पिताजी का."

कारकून खुर्ची मागे सारून उठला आणि साहेबाला बोलवायला गेला. साहेब आला, त्याच्यामागे दोन हमाल आले, मग बाहेरचा एक ट्रक ड्रायव्हरसुद्धा येऊन उभा राहिला. दीड तास प्रश्नोत्तरं. प्लॅस्टिक आहे का, पूजेचं आहे का, आत काही भरलेलं आहे का. शेवटी सगळ्यांसमोर खोका उघडला. कापसात सुपारीपेक्षा जरा मोठं डोकं होतं. साहेबानं ते चिमटीत धरून उजेडात फिरवलं आणि मला म्हणाला, "अच्छे दिखते थे."

मी पाहिलं. रंग सावळा होता, मिशी होती, फोटोतल्यासारखा फेटाही होता. पण गाल बसलेले, नाक सरळसोट, हनुवटीला खळी. परक्या देशातल्या माणसाला कुणीतरी आपला रंग दिला होता. रिक्षात सुर्वे विचारत राहिले, "कसं वाटतंय ताई? डोळे बघा, डोळे." मी बाहेर बघत बसले. एवढा प्रवास, एवढा त्रास, आणि शेवटी हे कोण उचलून आणलं होतं आम्ही?

शनिवार : मुर्ध्याची माती

सकाळी सुर्व्यांनी नवं काढलं. शिपायाच्या पायाखाली चिखल हवा. तो बारीक, चिकट आणि वाळल्यावर तडे जाणारा हवा, आणि तसा फक्त मिठागरात मिळतो. "तुम्ही दोघी मुर्ध्याला म्हात्रे काकांकडे जाऊन या. मी इथे बुटांना नाड्या ओवतो."

मला घराबाहेर पडायचंच होतं. भाईंदर पश्चिमेला उतरून रिक्षा गावाच्या दिशेनं वळली आणि मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मागे टॉवर, पुढे एकदम मोकळं. मिठागरांचे चौकोन आरशासारखे पडलेले, काहींत पाणी, काही नुसते कोरडे पांढरट. कडेला खारफुटी, तिच्यात बगळे. वाऱ्याला खारट, कुजका वास. कॅम्पातल्या कोरड्या थंडीची सवय असलेल्या मला तो वास आधी लागला, मग गेला.

म्हात्रे काका पंचाहत्तरीचे, कमरेला लुंगी, उघडे. मिठागरात त्यांची हयात गेलेली. जमिनीवर आता मुलाचं गोदाम आहे, काका कडेच्या एका तुकड्याशी अजून खुडबूड करतात. आम्ही डबा पुढे केला तसे ते खो खो हसले.

"आमची माती इटलीन जाते? परवा म्हनं रशियान गेली व्हती."

"काका, तिकडच्यासारखी दिसते म्हणे," मी म्हणाले.

"दिसंल ना. मातीवर काय गावाचं नाव लिवलंय? चिखल तो चिखल हाय." त्यांनी फावड्यानं एक ढेकूळ काढून डब्यात टाकलं. "बस गो बाय. जेवल्याबिगर जायाचं न्हाय."

काकींनी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं. मी पाणी पीत होते तेव्हा काकांनी विचारलं, "ह्या बावल्यांला घरान जागा किती लागते?"

"माणसांना लागते त्याहून जास्त," नीलम म्हणाली. ती हसत होती. परतताना रिक्षात म्हणाली, "काकू, सुरुवातीला मला बरं वाटायचं. निदान माणूस घरी असतो. आता वाटतं, घरी असून कुठल्यातरी लढाईवर असतो."

दुपारी दोनला घरी पोचलो. सुर्वे खिडकीशी पाठमोरे बसलेले. मी कोट घडी करून ठेवावा म्हणून उचलला. हाताला काहीतरी हलकं लागलं. चाळीस वर्षं कपडे हाताळलेल्या बोटांना ते डोळ्यांच्या आधी कळतं. मी पाठ उलटी केली. फाटीच्या आतली पट्टी नव्हती. कमरेपासून खालपर्यंत, धारदार पात्यानं, अगदी सरळ कापलेली.

"सुर्वे."

ते वळले. त्यांच्यासमोर अण्णांच्या कोटाची लोकर होती, माझ्या कागदाच्या मापानं कापलेली. "ताई, आतली होती. बाहेरून काही दिसत नाही. मी नीट बघून..."

"किती कापलंत?"

"पूर्ण पट्टी. पण ताई, तुमचं बरोबर होतं. जाड आहे. कॉलर वळत नाही."

मी तो ढीग चाचपला. "यात रफू केलेला भाग कुठाय?"

"कुठला?"

"निळा! निळ्या लोकरीचा रफू!"

"हां, तो." ते चष्मा पुसायला लागले. "तो ओरिजिनल नव्हता ना. नंतर कुणीतरी केलेला. तो मी काढून टाकला."

"कुठे टाकला?"

त्यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. डबा रिकामा होता. बाराला कामवाली येऊन गेली होती.

मी त्या माणसाला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तो रफू माझ्या आईनं केला होता. कसर लागली तेव्हा घरात खाकी लोकर नव्हती, माझ्या स्वेटरची उरलेली निळी होती. थंडीत अण्णा मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायचे. सायकलवर बसले की कोटाची फाट उघडायची आणि ती निळी पट्टी माझ्यासमोर यायची. मी ती मुठीत धरून बसायचे. अण्णांचा चेहरा मला फार आठवत नाही. खरं सांगायचं तर फोटोतला तो फेटेवाला तरुणही मला कधी ओळखीचा वाटला नाही. मला आठवते ती पाठ. हे मी सुर्व्यांना ओरडून सांगितलं, शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं इतकं ओरडून.

सुर्वे उठले. चपला घालून खाली गेले. मी मागोमाग गेले, कारण मला त्यांच्यावर विश्वास नव्हता.

सोसायटीच्या मागच्या बाजूला कचऱ्याची चार पिंपं होती. सुर्व्यांनी पहिलं आडवं केलं. भाताची शितं, चहाचा चोथा, मासळीची डोकी, अंड्यांची टरफलं. मुगाएवढ्या दुर्बिणीवर धूळ बसू नये म्हणून पंखा बंद ठेवणारा हा माणूस कोपरापर्यंत त्यात हात घालून बसला. वॉचमन धावत आला. "सुर्वे साब, क्या गिरा? सोना?"

"कपड़ा," सुर्वे म्हणाले. "नीला धागा है उसमें."

वॉचमननं एक क्षण आमच्याकडे पाहिलं आणि दुसरं पिंप आडवं केलं. तिसऱ्यात मिळाला. वांग्याच्या देठांखाली, चहानं भिजलेला. सुर्व्यांनी तो शर्टाला पुसला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला. आभार मानले नाहीत.

वर येऊन मी रफूचा तुकडा धुतला, कापलेली लोकर गोळा केली, पिशवी भरायला लागले. संध्याकाळची बस मिळाली असती. सुर्वे मोरीत हात धूत होते, थांबतच नव्हते. तेवढ्यात नीलम आतून एक कोट घेऊन आली. बिस्किटी खाकी रंगाचा, पातळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला.

"काकू, हा चालेल का बघा. लोकरीचा आहे, आणि पातळ आहे."

सुर्वे मोरीच्या दारातून म्हणाले, "अगं, तो लग्नातला आहे."

"माहितीय. मी पण होते तिथे."

मी हात लावला. उत्तम कापड. तिरकस विणीचं, मऊ, वळेल असं. मी सुर्व्यांकडे पाहिलं. "आतून कापू का? बाहेरून काही दिसणार नाही."

सुर्वे ओले हात तसेच धरून त्या कोटाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मला जा म्हणणार. त्यांनी टॉवेलला हात पुसले, टेबलावरचे पाच शिपाई एकेक करून उचलले, सोड्याचा बर्फ ओल्या फडक्यानं पुसून काढला आणि कोट टेबलावर उलटा पसरला.

"पाठीतून घ्या," ते म्हणाले. "तिथे सलग मिळेल."

मग मी थांबले. बस गेली. शिवायला बसले तेव्हा नीलमनं पंखा लावला आणि कुणी तो बंद केला नाही. सुर्वे माझ्या सुईत दोरा ओवून देत होते, कारण एवढी बारीक सुई मला आता दिसत नाही. शेवटी मी निळा दोरा मागितला. फाटीच्या आत, रफूच्या जागी, सात टाके घातले. ते बघत होते. त्यांच्या कपाळाची शीर उडताना मला दिसली, पण दोरा त्यांनीच ओवून दिला.

रविवार : भाईंदर

प्रदर्शन एका लग्नाच्या हॉलमध्ये होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची फुलं अजून खांबांना, आणि खाली टेबलाटेबलावर रणांगणं. पुरुष, बहुतेक सगळे चष्मेवाले, एकमेकांच्या शिपायांच्या बटणांवर वाद घालत होते. एका टेबलाशी दोन डॉक्टर पाण्याच्या बाटलीच्या बुचावरून इतके चढ्या आवाजात बोलत होते की मी नीलमला म्हटलं, सुर्वे एकटे नाहीत.

अण्णांना मुर्ध्याच्या चिखलावर उभं केलं. बूट, फेटा, बंदूक, कोट. खाली नाव. सुर्वे बाजूला झाले आणि म्हणाले, "ताई?"

मी पाहिलं. कोट झकास झाला होता, ते मी सांगू शकते. पण त्यातून बघणारा तो माणूस माझा कुणी नव्हता.

"हे नाहीत," मी म्हणाले.

सुर्व्यांचा चेहरा उतरला. मला त्यांची दया आली असं नाही, पण काहीतरी करून बघावंसं वाटलं. मी फिगर उचलली, पहिल्यांदाच, आणि त्यांनी अडवलं नाही. ती वळवून पाठमोरी उभी केली. "उजवा खांदा खाली घ्या," मी म्हणाले. सुर्व्यांनी बोटानं सांधा दाबला, कट् झालं. "अजून. डोकं जरा पुढे. गुडघा थोडा वाकवा, चालताना वाकतो तसा. बंदूक काढा." त्यांनी काढली. फाट जरा उघडली आणि आत निळं दिसलं.

मी मागे सरकले. मग नीलमनं माझा हात धरला, कारण मला खुर्ची हवी होती आणि मला ती मागता येत नव्हती.

थोड्या वेळानं परीक्षक आले. उंच, नीटनेटके गृहस्थ, गळ्यात भिंग. ते वाकले. "कोट फार सुंदर. पण हा उलटा का? आणि मिस्टर सुर्वे, तुम्ही? निळा धागा? हे त्या काळचं नाही."

"नाही," सुर्वे म्हणाले. "ते घरी आल्यावरचं आहे."

"मग हा युद्धाच्या विभागात कसा बसणार?"

आयुष्यभर बटणांवरून भांडलेला तो माणूस. मला वाटलं, आता पुस्तकं निघणार, फोटो निघणार. सुर्व्यांनी टेबलावरचा स्पर्धेचा क्रमांक उचलला, परीक्षकांच्या हातात दिला आणि फिगर उचलून दाराजवळच्या एका स्टुलावर नेऊन ठेवली. पाठमोरी. दिवसभर येणारे जाणारे तिथे थांबत होते. आधी वाकून पुढून चेहरा बघायचे, मग परत मागे येऊन उभे राहायचे.

देवळाली

मी सुर्व्यांना माफ केलं असं लिहिणं सोयीचं आहे, पण केलेलं नाही. काशीमीऱ्याला बसपर्यंत ते पिशवी घेऊन आले. फिगर घेऊन जा म्हणाले, मी नको म्हटलं. अशा गोष्टीला धूळ लागू न देणारं घर माझं नाही.

येऊन पंधरा दिवस झाले. कापलेली लोकर आणि रफूचा तुकडा अजून कोटाला जोडायचा आहे. मी घाई करत नाही. पण सुर्व्यांचा रोज सकाळी फोन येतो. ताई, कुठला दोरा घेताय? ताई, टाका उलटा घालणार की सुलटा? ताई, त्या वेळी मेण लावलेला दोरा असायचा, मी पाठवू का? गेल्या आठवड्यात एकदा मी म्हटलं, सुर्वे, कापलंत तुम्ही, तुम्हीच येऊन शिवा.

मला वाटलं फोन बंद होतील. काल नीलमनं कळवलं, शनिवारी दोघंही येतायत. सुर्वे गेले आठ दिवस रोज जेवणाच्या टेबलाशी बसून फाटक्या चादरीवर टाके शिकतायत, आणि अजून त्यांना सरळ शिवता येत नाही.

मी शेजारून एक जादा खुर्ची मागून ठेवली आहे.